बारवेवरची सातवी

१

सांडूचे दोन्ही तळहात जीपच्या बॉनेटवर टेकलेले होते. पाठीला बारवेचा दगडी कठडा, छातीशी बंपर. उधळलेल्या बैलाला शिंगांशी धरून थोपवावं तसा तो तिच्यापुढं उभा राहिला असावा. पण जीपनं काही त्याचं ऐकलं नाही.

चौक्याचा घाट उतरायला लागतो तिथं, सडकेच्या कडेला ती जुनी बारव आहे. श्रावणातला शुक्रवार होता. पिशोरच्या आप्पासाहेबांची मोडकी जीप एका ट्रकमागं टोचन करून औरंगाबादला, जिन्सीतल्या शफीक मिस्तरीच्या गॅरेजात चालली होती. चढावरच शफीकला टोचनाच्या दांड्याची खीळ तडकलेली दिसली. उतारावर तुटली असती तर जीप ट्रकवर आदळली असती. म्हणून त्यानं जीप बारवेपाशी सोडली, राखणीला आप्पासाहेबांचा ड्रायव्हर सांडू ठेवला, आणि ट्रकवाल्या कडूबासंगं तो हर्सूलला खीळ जोडून आणायला गेला. दोघं परतले तेव्हा सांडू हा असा, चिरडून गेलेला.

संध्याकाळी फौजदार बद्रीनाथ घरी आला तो न बोलता पाटावर बसला. लक्ष्मीबाईंनी ताट वाढलं. लेकाला त्या खोदून विचारीत नसत. भाताचा दुसरा घास झाला की तो आपणच बोलतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"हँडब्रेक पूर्ण वर ओढलेला होता, आई," बद्रीनाथ म्हणाला. "तरी गाडी घसरली. का, तर त्या मिस्तरीनं खालचे दोन्ही शाफ्ट काढून ट्रकात टाकलेले. जीपचा हँडब्रेक मागच्या शाफ्टावर असतो. शाफ्ट नाही तर तो ओढला काय, न ओढला काय, सारखंच."

"का काढले म्हणतो?"

"जीपची चारी चाकं गिअरबॉक्सला जोडलेली. ते नाल्यातल्या खडकावर आपटून फुटलं होतं, पायाच्या ब्रेकचा पाइपही तुटलेला. तशीच ओढली तर चाकांबरोबर आतलं सगळं फिरून भुगा होतो, म्हणून शाफ्ट काढायची रीत आहे. एवढं खरंच आहे त्याचं. पण पुढं म्हणतो, सांडूला मी सांगितलं होतं, ब्रेकवर भरवसा ठेवू नको, दगड लाव. आणि सांडूनं पुढच्या चाकाला मोठा दगड लावला होता."

"मग?"

बद्रीनाथनं ताटातला हात थांबवला. "दगड नाही ना तिथं! सगळी कड धुंडाळली. चाकाखालचा खळगा आहे, दगड नाही. सकाळीच दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं, आप्पासाहेबांच्या मुलानं, काकासाहेबांनी डोळ्यांनी पाहिलंय. मिस्तरीला आत घातलाय."

"त्या लेकराजवळ काय काय सापडलं रे?"

"काय सापडणार? विड्या. गाडीत पाण्याची कळशी लवंडलेली. लिंबाखाली भाकरीचं गाठोडं, सोडलंसुद्धा नव्हतं. हिरव्या धडप्यात बांधलेलं."

लक्ष्मीबाईंनी त्याला ताक वाढलं. दगड काही चालत जात नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं.

२

चातुर्मासात लक्ष्मीबाई उठल्यापासून दुपारच्या नैवेद्यापर्यंत मौन धरीत. नवरा गेला त्या वर्षापासूनचा नेम. बद्रीनाथच्या बदल्या झाल्या, गावं फिरली, पण मौन कधी मोडलं नव्हतं. ठाण्यामागच्या क्वार्टरमधल्या बायकांना ते माहीत होतं, आणि का कोण जाणे, बाई बोलत नसत तेव्हाच त्या जास्त बोलत.

शनिवारी सकाळी पायरीवर एक बुरखा येऊन बसला. तोंडावरचा पडदा वर केला तेव्हा दिसलं, बाई साठीची असावी. रात्रभर डोळा लागला नसणार.

"मी शफीकची माँ. आबेदा," ती म्हणाली. "तुमचा उपास चालू है, बोलायचा. मालूम है मला, शिपाई बोला. तुम्ही बोलू नका बाई. निस्तं ऐका."

लक्ष्मीबाईंनी वाती वळायचं थांबवून पाट सरकवला.

"भांडन झाला, मी नाही कशाला म्हणू? माझा पोरगा तोंडाचा कडू आहे. सांडूनं म्हटलं, हळू ओढ, माझी लक्ष्मी है ती. तर हा बोलला, एवढी लक्ष्मी होती तर नाल्यात कशाला घातली? पण बाई, सांडू गाडी घेऊन शहरात आला का माझ्याकडं जेवायचा. माझ्या हातची खट्टी दाल मागून घ्यायचा, आन् म्हणायचा, चाची, आईला सांगू नका, लई सोवळ्याची है ती." आबेदा हसायला गेली आणि ते हसू तिच्याच्यानं सांभाळलं नाही. "काल रात्री कोठडीत भेटू दिलं मला पाच मिनटं. पोरगा सोताबद्दल एक लफ्ज बोलला नाही. अम्मी, सांडूच्या आईकडं जाऊन ये, एवढंच. मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

लक्ष्मीबाईंनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. आबेदा घुटमळली, त्यांच्याकडं पाहिलं, मग वरूनच पाणी प्याली.

जाताना उंबऱ्याशी थांबून ती म्हणाली, "एक गोष्ट फौजदारसाहेबांनी लिहूनच घेतली नाही. शफीक गाडीच्या खाली होता, दांडा सोडवत. त्यानं दगड नीट पाहिला नाही. निस्तं सांडूचं हसणं ऐकलं. सांडू बोलला, जा बिनघोर, घरचं माणूस ठेवलंय राखणीला."

लक्ष्मीबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. बारवेवर मग आणखी कुणी होतं?

३

"घरचं माणूस?" दुपारी बद्रीनाथ हे ऐकून चिडला. "मिस्तरी आता नवी गोष्ट रचतोय. तिथं दुसरं कुणी नव्हतं."

"काकासाहेब नव्हते?" लक्ष्मीबाईंनी हळूच विचारलं. मौन सुटलं होतं.

मग त्यानं ठाण्यात बसलेल्या काकासाहेबांना चहाच्या निमित्तानं घरीच बोलावलं. आप्पासाहेबांचा हा एकुलता एक, पंचविशीचा, टेरिकॉटच्या शर्टातला. शफीकवर कडक कलम लावा म्हणून सकाळपासून ठाण मांडून होता. लक्ष्मीबाईंनी त्याच्यापुढं बशीत साबुदाण्याच्या दोन पापड्या ठेवल्या आणि त्या समोरच वाती वळत बसल्या.

"आजी, काय सांगू, हातचा माणूस गेला," काकासाहेब म्हणाला.

"नाल्यात गाडी सांडूनं घातली होती का रे, बाळा?"

त्याची बशी कलली. बद्रीनाथनं चमकून आईकडं पाहिलं.

"तो म्हणे गाडीला लक्ष्मी म्हणायचा," लक्ष्मीबाई त्याच आवाजात म्हणाल्या. "असा माणूस खडकावर गाडी घालील, हे मला पटेना."

काकासाहेबानं बशी खाली ठेवली. "मी चालवत व्हतो," तो शेवटी म्हणाला. "पुरात जीप जाती का नाय म्हणून दोस्तांशी पैज लागली व्हती. वडलांना कळालं असतं तर त्यांनी सोलून काढलं असतं. सांडू म्हणला, माझ्या नावावर घाला, मालक मला दोन शिव्या देतील. पण काल दुपारी मला भ्या वाटलं, त्यो बोलंल म्हणून. फटफटी काढून मागं गेलो."

"बारवेवर?" बद्रीनाथ उभाच राहिला.

"व्हय. पण सांडू लिंबाखाली गाढ झोपला व्हता, साहेब. सगळी रात नाल्यात गाडीपाशी काढलेली त्यानं. मला उठवू वाटलं नाय. तसाच माघारी फिरलो. आईची शपथ."

"आणि गाडी? दगड होता चाकाला?"

"व्हता की. तांबडा."

"तांबडा?" बद्रीनाथचा आवाज चढला. "या मुलखात सगळा काळा दगड! तांबडा कुठनं आणला? तूच काढलास तो. सांडूचं तोंड कायमचं बंद करायला!"

काकासाहेब रडायलाच लागला. लहान पोरासारखा, शर्टाच्या बाहीला नाक पुसत. बद्रीनाथ त्याला दंडाला धरून ठाण्यात घेऊन गेला.

लक्ष्मीबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. काळ्या दगडांच्या मुलखात तांबडा दगड कुठं असतो, ते त्यांना कळलं होतं. आणि कळलं ते खरं नसावं, म्हणून त्यांनी देवापुढं हात जोडले.

४

बारवेकडं त्या उतरत्या उन्हात गेल्या. ठाण्यातल्या शिपायानं एस.टी.तून सोबत केली.

जीप तिथंच होती. बारवेच्या आत पहिल्या पायरीवर कोनाडा होता आणि त्यात शेंदराचे सात दगड ओळीनं मांडलेले. साती आसरा. पाण्याच्या देवता. लक्ष्मीबाईंनी आधी नमस्कार केला, मगच पाहिलं.

सहा दगडांवर वर्षानुवर्षांच्या शेंदराची पुटं होती, जाड आणि तेलकट. सातवा नुकताच न्हाऊ घातलेला होता. शेंदूर ताजा, पातळ. त्याखाली एका अंगाला पुटं खरवडून निघाली होती आणि काळ्या रबराचा ओरखडा शेंदरातूनही दिसत होता. प्रत्येकीपुढं दहीभाताचा एकेक मुटका, वाळून मुंग्या लागलेला.

बारवेमागून पायवाट जात होती. वाट जिथं पोचली ती सांडूची वाडी. घरात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मध्ये आवडाबाई, सांडूची आई. अंगावर हिरवं लुगडं, पदराच्या टोकाचा तुकडा फाडून काढलेला. लक्ष्मीबाईंनी तिचा हात हातात घेतला. फौजदाराची आई म्हणून कुणी ओळख करून दिली. आवडाबाईला त्याचं काही नव्हतं.

"लई नवसाचा व्हता वो माझा सांडू," ती म्हणाली. आवाज बसला होता. "पोटी मूल ऱ्हाईना. बारवेवरच्या आसरांना बोलले, लेकरू दे, जलमभर रोज पाणी घालीन, शुक्रवारी दहीभाताचा निवद दावीन. तवापून एक शुक्रवार चुकला नाय. बाळंतपणातबी सासूनं घातलं पाणी."

"कालचाही नाही चुकला," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"नाय. कालबी गेले. तर बघते, सहाच! काळजात चर्र झालं. भवती हुडकलं तर माझी आय, मोटारीच्या चाकाखाली! कोण्या मुडद्यानं घातली कुणास ठावं. रेटून रेटून काढली भाईर. पदरानं पुसली, न्हाऊ घातलं, जागंवर बशिवली. माफी मागितली."

बाकीच्या बायकांनी कानाच्या पाळ्यांना बोटं लावली.

"आणि सांडू?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

"लिंबाखाली निजला व्हता. किती दिसांनी लेकराला असं बिनघोर निजलेलं बघितलं." आवडाबाईच्या तोंडावर क्षणभर काहीतरी उजळलं. "नाय उठवला. उशाला भाकर ठिवली आन् पाय न वाजवता आले. म्हणलं, निजू दे. मोटार तर गुमान उभी व्हती." मग तिनं लक्ष्मीबाईंचा हात घट्ट धरला. "देवी कोपली, बाई. त्या मिस्तरीनंच घातली आसील चाकाखाली. पाप त्याचं आन् भोगलं माझ्या लेकरानं!"

कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला. सुतकाच्या घरचं पाणी नाकारू नये, हे लक्ष्मीबाईंना समजत होतं. पण तांब्या धरायला हातच उचलेना. त्या उठल्या आणि वळून न बघता सडकेला लागल्या.

५

"खळग्यामुळं," रात्री जेवणं झाल्यावर त्या लेकाला म्हणाल्या. "चाक खळग्यात बसलेलं, म्हणून दगड काढल्यावरही गाडी लगेच हलली नाही. आवडाबाईला वाटलं, उभीच आहे. ती गेली. मग सांडू जागा झाला. तहान लागली असणार. कळशी गाडीत होती म्हणून आत चढला. त्या हिसक्यानं चाक खळग्यातून सुटलं. कळशी लवंडली. हात आपसूक हँडब्रेककडं गेला, इतक्या वर्षांची सवय रे ती. वर ओढला, पण त्याच्या खाली काहीच नव्हतं. मग उडी टाकून पुढं झाला. आपली लक्ष्मी थांबवायला."



"आणि घरचं माणूस?" बद्रीनाथनं विचारलं.

"ज्या देवीनं तुला दिलं असं आई त्याला जन्मभर सांगत आली, ती घरचीच नाही का? देवीचा दगड उचलताना हसला तो. शफीकला वाटलं, थट्टा. त्याचा मात्र भरवसा होता."

"काकासाहेबांना सकाळी सोडतो. शफीकला सोडायचं तर आवडाबाईचा जबाब घ्यावा लागेल, आई. आणि ती विचारील, कशाला?"

"माहीत आहे."

"एका आईचं पोरगं कोठडीत आहे."

"आणि दुसरीचं गेलंय. ते तिच्याच हातून गेलं, हे तिला कोण सांगणार? तू?"

बद्रीनाथनं मान खाली घातली. फौजदार झाला तरी त्यांचाच लेक होता.

रविवारी सकाळी लक्ष्मीबाई तुळशीला पाणी घालत होत्या. आबेदा पायरीवर येऊन बसली होती, कालच्यासारखी. फाटक वाजलं. आवडाबाई आत आली, त्याच हिरव्या लुगड्यात. वाडीहून चालत आली असावी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते. तिनं आबेदाकडं पाहिलं. ही कोण, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

मग ती लक्ष्मीबाईंसमोर उभी राहिली.

"काल तुमी पाणी न पेता उठलात," ती म्हणाली. "सुतकाच्या घरून आसं कुणी उठत नाय. मी रातभर इचार केला. शेजारचा किसन ट्रकावर आसतो, त्याला इचारलं, मोटारीच्या चाकाला दगड कशाला लावत्यात रं? त्यो कायबी बोलंना. खाली बघत बसला." तिचा आवाज कापत नव्हता, तेच भयंकर होतं. "तुमी सांगा. तुमी देवाधर्माच्या हायेत. म्या दगड काढला नसता, तर?"

दुपार दूर होती. लक्ष्मीबाईंना गप्प राहता आलं असतं. गप्प राहण्याचा तर नेमच होता त्यांचा. पण नेमाच्या आड उभं राहून या बाईला एकटीला उत्तर शोधायला लावायचं, आणि ते उत्तर तिला रोज नव्यानं सापडत राहायचं, हे त्यांच्याच्यानं होईना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा श्रावणातल्या सकाळी त्यांच्या तोंडून शब्द निघाला.

"नसती घसरली, बाई."

आबेदानं तोंडावर हात ठेवला.

"पण तो दगड शफीकनं नव्हता लावला," लक्ष्मीबाई पुढं म्हणाल्या. त्यांचेच ओठ त्यांना परके वाटत होते. "सांडूनंच लावला. म्हणाला, घरचं माणूस ठेवलंय राखणीला."

आवडाबाई खाली बसली. अंगणातच, ओल्या मातीवर. रडली नाही.

"आसंच म्हणायचा त्यो," ती म्हणाली. "ल्हानपणी शाळेला जाताना बारवेवरून जायचा, तर म्हणायचा, आय, तू येऊ नकु, तुझ्या बाया हायेत की मला बघायला." मग मान वर करून तिनं दारात उभ्या असलेल्या बद्रीनाथला म्हटलं, "सायेब, ल्ह्या काय ल्ह्यायचं ते. आंगठा देते. त्या पोराला सोडा. त्याची आय कवाची बसलीया."

आबेदा उठून तिच्याजवळ गेली. ती शेजारी बसली, आणि आपल्या बुरख्याच्या टोकानं आवडाबाईच्या पायांचा चिखल पुसू लागली.

पुढच्या आठवड्यात शफीकनं तीच जीप जिन्सीला नेली. नव्या खिळीवर, कडूबाच्या ट्रकमागं. टोचन करताना मागच्या गाडीत कुणीतरी स्टिअरिंग धरून बसावं लागतं, तिथं तो स्वतः बसला.

लक्ष्मीबाईंनी त्या वर्षी चातुर्मास पुन्हा मांडला नाही. तुटलेला नेम मध्येच जोडता येत नाही, असं त्या म्हणत. पण शेवटच्या श्रावणी शुक्रवारी त्या बारवेवर गेल्या.

शिसवीचे दोन जाड ठोकळे कठड्याला टेकून ठेवलेले होते, एका अंगाला उतरते तासलेले, चाकाखाली बसतील असे. चोरीला जाऊ नयेत म्हणून लांब साखळीनं बांधलेले. घाटात थांबणाऱ्या कुठल्याही गाडीला लागतील म्हणून शफीकनं आणून ठेवले, असं वाडीतल्या बाईनं सांगितलं.

आवडाबाई कोनाड्यापुढं बसली होती. तिनं सातीजणींना पाणी घातलं, शेंदूर लावला, दहीभाताचे सात मुटके मांडले. वाटीत थोडा भात उरला होता. तो तिनं मुठीत घेतला, गुडघ्याला हात देत वर चढून आली, आणि त्या ठोकळ्यांपुढं ठेवून हात जोडले.